देठाचा अभ्यास

सोलापूरच्या बाजारात फूल बहुतेक वेळा देठाशिवायच हाती येते. झेंडू, शेवंती आणि सुटी गुलछडी तागडीत पडते ती वजनावर. बिजली, कन्हेर, गावठी गुलाब टोपलीत ढिगाने असतात. आणि हाराच्या सुईखाली जाण्याआधी जो थोडाफार दांडा उरलेला असतो, तो फुलारी अंगठ्याच्या नखाने खुडून पायाशी टाकतो. देवाला फूल वाहायचे, केसांत माळायचे, पाहुण्याच्या गळ्यात घालायचे किंवा दाराला तोरण बांधायचे, या कामांत देठाची अडचणच होते. संध्याकाळी फुलांच्या दुकानाच्या पायरीखाली हिरव्या देठांचा जो थर साचतो, त्याच्याकडे मी वर्षानुवर्षे केर म्हणूनच पाहत आले. नोकरीतून मोकळी झाल्यावर पुष्परचनेच्या वर्गाला जाऊ लागले आणि ध्यानात आले की तिथला निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम या केराचाच आहे.

वर्ग जुळे सोलापुरातल्या एका घराच्या गॅरेजमध्ये भरतो. दाराला ओले गोणपाट टांगलेले असते, आत एक लांब टेबल, भिंतीलगत पाण्याच्या बादल्या. शिकवणाऱ्या बाईंनी पुण्यात राहून जपानी इकेबाना शिकून घेतली आहे, आणि पाश्चात्त्य पद्धतीची रचनाही त्यांना चांगली येते. शिकायला येणाऱ्यांत छंद म्हणून आलेल्या आम्ही काही जणी, पूर्व भागातल्या एका तेलुगूभाषक विणकर घरातल्या बाई, ज्यांना सगळेच अक्का म्हणतात, सांगोल्याकडच्या डाळिंब बागायतदाराची सून, आणि मंडप-डेकोरेशनचा घरचा धंदा असलेला एक तरुण. त्या तरुणाला रचनेच्या सौंदर्यापेक्षा ती लग्नाच्या मांडवात किती तास टिकेल याची अधिक काळजी असते, आणि मला वाटते वर्गातले सर्वांत नेमके प्रश्न तोच विचारतो.

पहिल्या पाठाला फुलदाणी टेबलावर आलीच नाही. पाण्याने भरलेल्या बादल्या, धारदार कात्र्या आणि देठ एवढ्यावरच तो पाठ झाला. फूल झाडावर असते तेव्हा मुळापासून पाकळीपर्यंत पाण्याचा एक अखंड धागा देठातल्या बारीक नळ्यांतून वर चढत असतो; पानापाकळ्यांतून पाणी उडून जाते आणि त्या ओढीनेच खालचे पाणी वर खेचले जाते. देठ कापला की त्या नळ्यांच्या तोंडाशी हवा शिरते, धागा तुटतो, आणि नंतर फूल पाण्यात ठेवले तरी तो पुन्हा सहजी जोडला जात नाही. म्हणून बाजारातून आणलेल्या फुलाचा देठ पाण्याखाली धरून, तिरका, बोटाच्या एका पेराइतका पुन्हा कापायचा. पाण्याच्या पातळीखाली जाणारी पाने काढून टाकायची, कारण ती कुजतात, त्यांच्यावर जिवाणू वाढतात आणि तेच नळ्या बुजवतात. काडीच्या गुलाबाची कळी उमलण्याआधीच मान टाकते, त्याचे कारण बहुधा कळीत नसते, देठाच्या खालच्या बोटभर भागात असते. तेवढा भाग पाण्याखाली कापून, देठ कागदात सरळ गुंडाळून, गळ्यापर्यंत कोमट पाण्यात उभा केला, तर तासा-दोन तासांत गुलाबाने मान वर केलेली आम्ही टेबलावरच पाहिली.

सोलापुरात या पाठाला अधिकच अर्थ आहे. मार्चपासून पारा चढू लागतो, एप्रिल-मे महिन्यांत तो चाळिशी ओलांडून मुक्कामच करतो, आणि हवा इतकी कोरडी असते की दुपारी दोरीवर टाकलेली सोलापुरी चादरसुद्धा बघता बघता वाळते. अशा हवेत पान जितक्या वेगाने पाणी उडवते तितक्या वेगाने कापलेल्या देठाला ते ओढता येत नाही. पुस्तकात जे फूल आठवडाभर टिकते असे लिहिलेले असते, ते इथे त्याच्या निम्म्या दिवसांतच आटपते. त्यात पाण्याचा प्रश्न. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे चार बादल्या पाणी फुलांसाठी राखून ठेवायचे म्हटले की घरातल्या घरात भुवया उंचावतात. बाईंनी त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला आहे: साध्या पाण्याच्या बादल्या दुसऱ्या दिवशी कुंड्यांना जातात, आणि ज्या पाण्यात ब्लीचचे थेंब घातलेले असतात ते फरशी पुसायला. साखर फुलाला अन्न म्हणून, लिंबू पाण्याचा आम्लपणा वाढवून ते वर चढणे सुकर व्हावे म्हणून, आणि ब्लीच जिवाणू मारण्यासाठी, असा त्या पाण्याचा हिशेब असतो.

यापुढचे पाठ म्हणजे एकेका देठाची ओळख होती. जरबेऱ्याचा देठ आतून पोकळ आणि बाहेरून लवदार असतो. तो खोल पाण्यात ठेवला की लवकर सडतो, म्हणून त्याला तळाशी चार बोटे पाणी पुरे. गुलछडीची काडी खालून वर उमलत जाते, आणि शेंड्याच्या अगदी बारीक कळ्या बहुतेक उमलतच नाहीत. तो शेंडा खुडला तर खालच्या कळ्या जोमाने फुलतात. ग्लॅडिओची गंमत मला सर्वांत आवडली. पुण्याहून खोक्यात आडवी निजून आलेली ग्लॅडिओची काडी आडवी असतानाच आपला शेंडा वर, आकाशाच्या दिशेने, वळवून घेते. सरळ काडीच्या अपेक्षेने खोके उघडावे, तर आत दहाही काड्यांची टोके एकाच बाजूला वळलेली. आमच्यापैकी काही जणी हिरमुसल्या, पण बाईंनी त्या वाकलेल्या काड्याच आधी उचलल्या, कारण हाताने देता येणार नाही असा बाक त्यांना प्रवासाने आयता मिळाला होता. सरळ काड्या हव्या असतील तर त्या उभ्याच आणाव्या लागतात, एवढे मात्र डेकोरेशनवाल्या तरुणाने लगेच वहीत टिपून घेतले.

देठासकट फूल विकत घेणे हाही एक अभ्यासच ठरला. डच गुलाबाची वीस फुलांची गड्डी, जरबेऱ्याच्या आणि ग्लॅडिओच्या दहा-दहा काड्या, ही भाषा शहरातल्या बुके करणाऱ्या दुकानांना ठाऊक आहे. पण देशी शेवंती किंवा झेंडू लांब दांड्यासकट हवा असे मी नेहमीच्या फूलवाल्या मामांना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे काही क्षण पाहिले. "ताई, देठाचं काय करताव? देठाचं पैसं मी घेत न्हाई बघा," असे म्हणून त्यांनी हात झटकले. नंतर मात्र शेतकऱ्याला सांगून ते दांड्याची शेवंती मागवू लागले, आणि तिचे पैसे अर्थातच वेगळे लावू लागले.

पिकलेल्या फळांजवळ फुले ठेवू नका, असे बाईंनी एकदा सांगितले. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, तो झाडापेशींना वार्धक्याचा निरोप देतो, आणि कार्नेशनसारख्या नाजूक फुलांच्या पाकळ्या त्याने आत मिटून फूल झोपल्यासारखे दिसू लागते. हे ऐकताच सांगोल्याची सून एकदम म्हणाली, "मॅडम, ही तर इथ्रेलचीच गोष्ट झाली की!" डाळिंबाचा बहार धरताना पाणी तोडून बागेला ताण देतात आणि पानगळ व्हावी म्हणून इथ्रेलची फवारणी करतात, हे आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या औषधातून झाडात हाच वायू सुटतो, म्हणूनच पाने पिवळी पडून गळतात. तिच्या या वाक्यानंतर बाईंना पुढचे फारसे समजावून सांगावे लागले नाही. आंब्याच्या दिवसांत माझ्या घरी फुलदाणी आणि आंब्याची अढी आता वेगवेगळ्या खोल्यांत असतात.

डाळिंबाच्या काडीने आमच्या वर्गाला आणखी एक उपयोग दाखवला. इकेबानाच्या पाठासाठी जपानी पुस्तकांत चेरी, प्लम, पाइन यांच्या फांद्या असतात, त्या आम्ही कुठून आणणार? छाटणीनंतर बांधावर टाकलेल्या डाळिंबाच्या काड्यांचा भारा तिने एस.टी.ने आणला. काटेरी, करड्या सालीच्या, वेड्यावाकड्या फांद्या, काहींवर छाटणीतून निसटलेली शेंदरी कळी. इकेबानातल्या सोगेत्सु या परंपरेची स्थापना सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ मध्ये केली, आणि पुष्परचना कोणीही, कुठेही, कोणत्याही साहित्यातून करू शकतो ही तिची भूमिकाच आहे. तेव्हा बांधावरच्या काडीला त्या घराण्यात मज्जाव असण्याचे कारण नव्हते.

तिथले माप मात्र काटेकोर असते. तीन मुख्य रेषा: शिन, सोए आणि हिकाए. उथळ भांड्याचा व्यास आणि उंची यांची बेरीज करायची, तिची दीडपट म्हणजे मध्यम रचनेतली शिन. शिनची पाऊणपट सोए. सोएची पाऊणपट हिकाए. आमचे भांडे ३० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच, म्हणून शिन साडेबावन्न सेंटिमीटर, सोए सुमारे ३९ आणि हिकाए साडेएकोणतीस. मूळच्या उभ्या रचनेत शिन लंबरेषेपासून १५ अंश कललेली, सोए ४५ अंश, हिकाए ७५ अंश. पहिल्या दोन जागी डाळिंबाची काडी आणि तिसऱ्या जागी शेवंती, असा आमचा पाठ होता. हे सारे तोलून धरते ते केनझान, म्हणजे शिशाच्या जड बैठकीवर उभ्या पितळी सुयांचे साधन. फुलाचा देठ त्यावर टोचायचा तर तो आडवा, सपाट कापावा लागतो, म्हणजे सुयांवर घट्ट बसतो. जाड फांदी मात्र तिरकी कापायची, टोकाला चीर द्यायची, आधी सरळ उभी रोवायची आणि मग हळूहळू हव्या त्या कोनात झुकवायची. बादलीसाठी तिरका छेद आणि केनझानसाठी सपाट, यातला विरोध सुरुवातीला मला खटकला होता, पण एक छेद पाण्यासाठी आहे आणि दुसरा तोलासाठी, हे फांदी हातात डगमगली तेव्हा पटले.

या कलेचे मूळ देवळातच आहे हे कळल्यावर माझ्या डोक्यात एक जुना विषय नव्याने सुरू झाला. क्योटोच्या रोक्काकुदो मंदिरातले भिक्षू बुद्धासमोर फुले मांडत असत, आणि तिथल्या सेनकेई नावाच्या भिक्षूच्या रचनेचा उल्लेख १४६२ सालच्या नोंदीत सापडतो. इकेनोबो ही सर्वांत जुनी शाळा तिथलीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिन यांनी उथळ भांड्यातली, आडवी पसरणारी मोरिबाना रूढ केली. तिथेही फूल देवाचेच होते, इथेही देवाचेच. तिथे ते फांदीसकट देवासमोर उभे राहिले, आपल्याकडे ते देठ सोडून देवाच्या पायाशी गेले. आपल्याकडच्या पद्धतीला मी उणे म्हणत नाही. हार, गजरा, वेणी, पूजेची आरास यांतही रंगांची जाण असते, लय असते, पुनरावृत्तीचे सौंदर्य असते. पण हारात दोन फुलांमधली रिकामी जागा ही ढिलाई ठरते, आणि केनझानवर ती रचनेचा अर्धा भाग असते. आयुष्यभर घट्ट गुंफलेले हार पाहिलेल्या माझ्या हातांना तीन फांद्यांमधली मोकळी हवा सोडवत नव्हती. प्रत्येक फटीत काहीतरी खोचावेसे वाटायचे.

देवाच्या फुलाला देठ नसतो हे माझे ठाम मत अक्कांनी एका सकाळी मोडून काढले. भाद्रपद अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बतुकम्मा मांडतात. अक्कांनी तिची मांडणी वर्गातच करून दाखवली. ताटात भोपळ्याची पाने अंथरली, त्यावर फुलांचे एक कडे, आत चुरलेल्या पानांची आणि देठांची भर, त्यावर थोडे लहान कडे, असे करत करत वर निमुळता होत जाणारा मनोरा, आणि शेंड्याला हळदीची गौरम्मा. मी जवळ जाऊन पाहिले ते त्यांच्या बोटांकडे. प्रत्येक फुलाला त्यांनी दोन-तीन बोटांचा देठ मुद्दाम राखला होता. फुलाचे तोंड बाहेर, देठ आत, मध्याकडे. पुढच्या थराचे देठ मागच्या थराच्या देठांवर आडवे पडत जातात आणि त्यांच्याच दाबाने मनोरा उभा राहतो. दोरा नाही, सुई नाही, तार नाही. फुलेही बाजारातली नव्हेत: माळरानावरचा पिवळा तरवड, ज्याला अक्का तंगेडू म्हणतात, आणि पावसाळ्यात शेतात तण म्हणून उगवणारा कुरडू, त्याचे तुरे रंगात बुडवलेले. झेंडू तेवढा विकतचा. "देठ काढलं तर ती बसंलच कशी?" एवढेच अक्का म्हणाल्या. त्या दिवशी बाई खुर्ची ओढून विद्यार्थिनींच्या रांगेत बसल्या होत्या.

पाश्चात्त्य रचनेचे पाठ त्यामानाने मी भराभर उरकले असे म्हटले तरी चालेल. उंची देणारी लाइन फुले, म्हणजे ग्लॅडिओ, गुलछडी. डोळा खिळवणारी मास फुले, म्हणजे जरबेरा, गुलाब. आणि फटी भरणारे फिलर, म्हणजे जिप्सोफिला किंवा गोल्डन रॉड. त्यांतून त्रिकोण, अर्धचंद्र, गोल, आणि विल्यम होगार्थ या अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराच्या नावाने ओळखला जाणारा एस आकाराचा बाक. दोन्ही बाजूंना सारखा त्रिकोण मला आवडत नाही, हे सांगून टाकते. सत्काराच्या टेबलावर, उद्घाटनाच्या फितीशेजारी तो इतका पाहिला आहे की त्यातले फूल दिसेनासे झाले आहे. होगार्थचा बाक मात्र ग्लॅडिओच्या त्या वळलेल्या काड्यांतून सुरेख उतरला.

या परंपरेतली मला जवळची वाटलेली व्यक्ती म्हणजे कॉन्स्टन्स स्प्राय. १९२९ मध्ये लंडनमध्ये फुलांचे दुकान काढणाऱ्या या बाईंनी महागड्या फुलांच्या बरोबरीने केल या पालेभाजीची पाने, कुंपणावरच्या रानवेली, सुकलेली बोंडे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवली, आणि १९५३ च्या राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या सजावटीपर्यंत त्यांचा हात पोहोचला. त्यांच्याविषयी ऐकल्यावर आमच्या टेबलावर ज्वारी आली, ती यायचीच होती. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हुरड्याच्या पार्ट्यांना पुण्या-मुंबईचे लोक येतात, पण कणसाकडे आकार म्हणून कोणी पाहत नाही. हुरड्यात आलेले कणीस हिरवट-पांढरे, गच्च, दाणा अजून दुधाळ. त्याखालचे ताट सरळ, पेरांपेरांचे, एकाच पानाने वळण दिलेले. तीन ताटे कमी-अधिक उंचीवर रोवली, पायथ्याशी गर्द जांभळी शेवंती बसवली, आणि बाकी काहीही घातले नाही. हे कणीस पाण्याशिवायही टिकते, वाळल्यावर त्याचा रंग सोनेरी होतो, एवढेच की चिमण्यांपासून ते राखावे लागते.

देठ खोचून ठेवायच्या फोमचा विषय आम्ही बराच काळ टाळला होता, कारण त्यावरून वर्गात दोन तट पडतात. बोटाने दाबले की खळगा पडणारी ती हिरवी वीट १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी बाजारात आणली. ती पाण्यात दाबून बुडवायची नसते. पाण्यावर सोडून द्यायची, ती आपोआप पाणी पीत खाली जाते. दाबली तर आत हवेचे कप्पे राहतात आणि त्या जागी खोचलेला देठ तहानेने मरतो. सोय मोठी, देठ हव्या त्या कोनात क्षणात बसतो. पण ती फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेली प्लास्टिकची वीट आहे, कुजत नाही, तिचा भुगा होऊन गटारात आणि पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तिला मनाई केली. बाईंचे मत कडक आहे: देठाचा स्वभाव शिकायचा कंटाळा आला की माणूस फोमकडे वळतो.

डेकोरेशनवाल्या तरुणाला हे मान्य नाही, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. "मॅडम, केनझानवर टेबल सजतं, मांडव न्हाई सजत," तो म्हणाला. पुण्याची फुले पहाटे ट्रॅव्हल्सने उतरतात, मुहूर्त दुपारचा असतो, मधल्या सहा-सात तासांत स्टेज, कमान आणि प्रवेशद्वार उभे करायचे असते, आणि मुलीच्या वडिलांना हिरवा सांगाडा दिसता कामा नये. तरीही त्याने मागच्या हंगामात स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या कुंड्यांत फोमऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून बसवली आणि कुंडी पाण्याने भरली. जाळीच्या दोन-तीन थरांत देठ आडवातिडवा अडकतो, पाणी थेट पितो, फुले रात्रीच्या वरातीपर्यंत ताजी राहिली, आणि तीच जाळी पुढच्या लग्नात वापरली. कमानीचे मात्र त्याला जमलेले नाही, कारण तिथे देठ उलटे आणि आडवे असतात, पाणी उभे राहायला भांडेच नसते. तिथे तो अजून फोमच वापरतो आणि ते लपवतही नाही.

अक्कांनी त्याला देठावर देठ टाकून कमान बांधता येईल का असे सुचवले, पण खाली झुकलेल्या भागात तो दाब पडत नाही, हे त्यांनीच हातात काड्या घेऊन पाहिले. मग बाईंनी ऑर्किडच्या देठांना लावून येणाऱ्या रबरी टोपणाच्या छोट्या पाणनळ्या दाखवल्या: नळी भरायची, टोपणातून देठ आत सारायचा, आणि तारेने कमानीला बांधायची, उलटी केली तरी पाणी सांडत नाही. नव्या विकत घ्यायच्या तर धंद्यात परवडत नाहीत, म्हणून तो आता ऑर्किडच्या खोक्यांतली एकही नळी फेकू देत नाही; ओळखीच्या दोन-तीन डेकोरेशनवाल्यांकडूनही मागून आणतो, धुऊन, वाळवून रंगाच्या रिकाम्या डब्यात भरतो, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तापर्यंत कमानीच्या निदान एका बाजूपुरत्या तरी जमतील असा त्याचा अंदाज आहे.